मामांचा आवाज आणि ढगाची परीक्षा

जगात हळू बोलण्यासारखी एकही गोष्ट नाही, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. कुणाच्या मुलीच्या स्थळाची बोलणी असोत, कुणाच्या पोटाची तक्रार असो, की नुसतं आज आमटीत मीठ जास्त झालंय एवढंच सांगायचं असो, ते सगळं एकाच पट्टीत सांगतात, आणि ती पट्टी गल्लीच्या शेवटच्या घरातल्या माणसालाही कमी पडू नये अशा बेतानं लावलेली असते. फोन या यंत्रावर त्यांचा फारसा विश्वास नाही. तो हातात धरतात खरा, पण बोलतात ते थेट त्या माणसाशी. माणूस इचलकरंजीत असेल तर आधी उठून इचलकरंजीच्या दिशेला तोंड करतात.

यात त्यांचा दोष नाही. सारी नोकरी त्यांनी साखर कारखान्यात, उसाच्या गाड्यांच्या अड्ड्यावर काढली. हंगामात तिथं ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्यांची ही रांग लागायची. इंजिनं धडधडायची, बैलांची घुंगरं वाजायची, पुढं कोण आणि मागं कोण यावरून गाडीवानांची भांडणं चालायची, आणि त्या सगळ्यावरून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नंबर पुकारायचा. पुकारलेला नंबर ऐकू आला नाही, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध कधी झाली नाही. निवृत्त झाल्यावर अड्डा सुटला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले.

माझं माहेर मिरजेचं. वडील वाचनालयात ग्रंथपाल. आमच्या घरी भांडण झालं तरी शेजाऱ्यांना ते दोन दिवसांनी, आमच्या चेहऱ्यांवरून कळायचं. अशा घरातून मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात नांदायला आले. लग्नानंतर पहिल्याच सकाळी स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "च्या घेतलास का न्हाय?" माझ्या हातातली बशी खाली पडली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपलं काय चुकलं, हेच मला कळेना. सासूबाई पुढं आल्या. (आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.) त्यांनी बशीचे तुकडे गोळा करता करता मला समजावलं, "रागावलं न्हाईत गं ते. माया कराल्यात."

त्या मायेचा दुसरा नियम असा की, घरात कुणी एकट्यानं अभ्यास करायचा नाही. एकटं माणूस पुस्तकासमोर बसलेलं दिसलं की मामांना ते उपाशी बसल्यासारखं वाटतं. माझा नवरा दहावीला होता तेव्हा कारखान्यातून आल्या आल्या मामा त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि इतिहासाचे प्रश्न विचारायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं इतिहासात चांगल्या मार्कांनी पास झाली, असं नवरा सांगतो. त्यांना आपापल्या घरात बसून मामांचे प्रश्न ऐकू यायचे, आणि ह्याचं उत्तर चुकलं की बरोबर उत्तरही.

माझ्यावर ही पाळी येईल असं मला वाटलं नव्हतं. मी शाहूपुरीतल्या एका लहानशा कंपनीत काम करत होते. गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या. एक दिवस आमच्या सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे जुनं काम दिवाळीपर्यंत बंद होणार. पुढचं काम सगळं क्लाउडचं, आणि त्याची टीम पुण्याला बसणार. क्लाउडची पहिल्या पायरीची परीक्षा जे पास होतील त्यांना त्या टीममध्ये जागा आहे. "बाकीच्यांचं काय सर?" कुणीतरी विचारलं. सर टेबलाकडं बघत म्हणाले, "बाकीच्यांचं मला आत्ता काही सांगता येत नाही."

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. "जमेल की तुला," नवरा म्हणाला. मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "जमेल म्हंजे? जमवायचं! पुस्तक कुठं हाय?"

"पुस्तक नाही मामा. सगळं ऑनलाइन आहे."

"मग छापून आण की!"

दुसऱ्या दिवशी तेच जाऊन सराव प्रश्नांचा जाडजूड गठ्ठा मोठ्या टायपात छापून घेऊन आले. शाळेत असताना झालं तेवढंच मामांचं इंग्रजी. ते एकेक अक्षर वजनकाट्यावर घातल्यासारखं तोलून वाचतात. या परीक्षेतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न 'विच ऑफ द फॉलोइंग' असा सुरू होतो, आणि मामांमुळं ते शब्द आठवड्याभरात गल्लीला पाठ झाले. मी कामावर निघाले की समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या काकू पिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं मला थांबवायच्या, "काय गं, आज किती फालोइंग झालं?"

'इलॅस्टिसिटी' हा शब्द आला तेव्हा मामा थांबले. "इलास्टिक सिटी," त्यांनी पुन्हा वाचलं. "ही सिटी कुठं आली?" मी म्हटलं, सिटी नाही मामा, लवचीकपणा. काम वाढलं की जास्त कॉम्प्युटर घ्यायचे, काम उतरलं की सोडून द्यायचे. "म्हंजे हंगामात माणसं वाढवायची आन् हंगाम संपला की घरी पाठवायची," मामा म्हणाले आणि एकदम खूश झाले. मग त्यांनी पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर लावून पाहिलं. पासवर्डच्या प्रश्नालाही त्यांनी हंगामच सांगितला. तो चुकल्यावर बराच वेळ त्यांना प्रश्नच चुकीचा छापलाय असं वाटत होतं.

क्लाउड म्हणजे ढग, हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि ती माझी चूक मी चांगलीच भोगली. दोन दिवसांत खालच्या आळीतले एक शेतकरी दारात उभे. सून ढगांचं शिकतीय तर पुढच्या आठवड्यात उसाची लागवड करावी की थांबावं, असं त्यांना विचारायचं होतं. मामांनीच त्यांना परतवलं. "आवो पावणं, पावसाचा ढग न्हवं त्यो! दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात आपला माल ठेवायचा, भाड्यानं!" शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "मग त्याला ढग कशाला म्हणत्यात?"  मामा तरातरा आत आले आणि त्यांनी तेच मला विचारलं. मी त्यांच्यापुढं पुढचा प्रश्न सरकवला.

पण मामांना खरा छळणारा प्रश्न वेगळाच होता. हा माल नेमका ठेवलेला असतो कुठं? मी म्हटलं, असतो कुठंही. आपल्या देशातला बराचसा मुंबईकडं. "मुंबईत कुठं?" आता ते मला काय माहीत! त्यांनी मुंबईच्या दिशेला तोंड करून आपल्या मावसभावाला फोन लावला. हे मावसभाऊ वाशीला भाजीच्या बाजारात कामाला आहेत. "जरा बघून ये की," मामा म्हणाले. बिचारे खरोखर गेले. आठवड्यानं त्यांचा फोन आला की खाडीपलीकडं एक भलीमोठी बिनखिडक्यांची इमारत आहे, आतून नुसता पंख्यांचा आवाज येतो, आणि वॉचमननं काही आत सोडलं नाही. मामांचा चेहरा उजळला. "वॉचमन हाय म्हंजे आत माल हाय!" तेव्हापासून क्लाउडवरचा त्यांचा सगळा संशय गेला.

अभ्यासातला त्यांचा सगळ्यात लाडका धडा जबाबदारीच्या वाटणीचा. इमारत, कुलूप, वीज ही क्लाउडवाल्याची जबाबदारी. आत ठेवलेला माल आणि त्याचा पासवर्ड ही आपली. ही वाटणी त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती लगेच घरात लागू केली. "दूध आणायची जबाबदारी माझी, उतू गेलं तर तुझी," त्यांनी आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, "आन् प्यायची कुणाची?" त्यावर मामांनी गठ्ठा चाळला, पण असा प्रश्न त्यात कुठंच नव्हता.

परीक्षा घरून देता येत होती. कोल्हापुरातल्या केंद्रावरची तारीख फार उशिराची मिळत होती, म्हणून मी घरूनच द्यायचं ठरवलं. त्याचे नियम मी सगळ्यांना समोर बसवून सांगितले. खोलीत एकटीनं बसायचं. टेबलावर काही नको. कॅमेरा चालू असतो आणि दूर कुठंतरी बसलेला परीक्षक आपल्यावर नजर ठेवून असतो. खोलीत कुणी यायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचा आवाजही यायचा नाही. हे शेवटचं वाक्य संपलं तशी आत्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं मामांकडं पाहिलं. मामांनी मागं वळून पाहिलं, आपल्यामागं कोण बसलंय ते बघायला.

परीक्षेच्या दिवशी मामा सकाळपासूनच गल्लीच्या तोंडाशी उभे होते. भाजीवाला, भंगारवाला, सगळ्यांना त्यांनी हात दाखवून परत फिरवलं. काकूंनी पिठाची गिरणी बंद ठेवली. शेजारच्या दोन घरांना कुकर लावायला मनाई झाली. मी वरच्या खोलीत परीक्षेला बसले आणि खरं सांगते, आमची गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. निम्मे प्रश्न झाले. चांगले जात होते.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला मोठ्यानं गाणी लावून गल्लीत शिरला. आणि मामांच्या गळ्यातून अड्ड्यावरचा तो जुना आवाज निघाला. "ए पावणं! टेप बंद कर! आवाज करू नगंस! आत परीक्षा चाललीया!"

ट्रॅक्टर गप्प झाला. गाणं थांबलं. गल्लीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता पसरली, आणि माझ्या स्क्रीनवर एक चौकोन उघडला. तुमच्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी घाईघाईनं टाइप करायला लागले की तो आवाज खोलीतला नाही, बाहेर रस्त्यावरचा आहे, ते माझे सासरे आहेत आणि लोकांना शांत राहायला सांगत आहेत. माझं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं. तोवर मामा मला धीर द्यायला थेट माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले होते.

"काय काळजी करू नगंस पोरी! समद्यास्नी गप केलंय! तू लिव निवांत!"

परीक्षा बंद झाली.

मी खाली आले. मामा पायरीजवळ हसतमुखानं उभे होते. "झाली? एवढ्यात?" मी जे झालं ते सांगितलं. शक्य तितकं साधेपणानं सांगितलं. परत बसता येतं, पंधरा दिवसांनी पुन्हा देता येईल, काही बिघडलेलं नाही, हेही सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपी काढली, पायरीवर बसले, आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून मामा बोलायचे थांबले.

पाणी हवं असलं की तांब्याकडं बोट. जेवण झालं की हात आडवा. माझ्याशी तर खुणासुद्धा जपून करायचे, जणू खुणेचाही आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी आत्या म्हणाल्या, "कानाला कसं बरं वाटालंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकऱ्या करताना रेडिओ मोठा लावला. मग त्या उगाच भांडी आपटायला लागल्या. काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दवाखान्यात दावलं का?" कारखान्यातले एक जुने सोबती ज्येष्ठमधाची पुडी घेऊन आले आणि मामांसमोर बराच वेळ बसून, मुकाट्यानंच चहा पिऊन गेले. चहाच्या टपरीवर मामांनी मौनव्रत धरल्याची बातमी होती, आणि ते कुठल्या देवाचं यावर दोन मतं होती.

मला वाटलं होतं, आता निदान अभ्यास तरी नीट होईल. तो होईना. गठ्ठा समोर घेऊन बसले की प्रश्न दिसायचा, उत्तरही दिसायचं, पण दोन्ही एकमेकांना चिकटायचीच नाहीत. हे सगळं माझ्या डोक्यात मामांच्या आवाजात साठलेलं होतं, आणि तो आवाजच घरात नव्हता. "मामा, प्रश्न विचारा की," मी एकदा म्हटलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. मी गठ्ठा मिटून ठेवला.

मग एका संध्याकाळी मी गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात आत्यांजवळ जाऊन बसले. मामा बाहेर सोप्यात, ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी मोठ्यानं वाचलं, "इमारतीच्या कुलपाची जबाबदारी कुणाची? आपली." आत्या पीठ मळत होत्या. बाहेर कुणीतरी खाकरलं. "गिऱ्हाइकाच्या पासवर्डची जबाबदारी कुणाची?" मी थोडं थांबले. "क्लाउडवाल्याची." खुर्ची करकरली. "असंच लिहिते मग परीक्षेत," मी आत्यांना म्हटलं. "बरोबरच असणार."

"न्हाय!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. "पासवर्ड आपला! उत्तर सी हाय, सी! किती बाऱ्या सांगितलंय तुला! आन् कुलूप त्यांचं! असं लिवलीस तर दुसऱ्यांदाबी घरी पाठवतील की!" मामा दारात उभे होते. चेहरा लाल, हात वर. मग आपण बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि हात तसाच राहिला. काकू गिरणीतून धावत आल्या होत्या, त्या खिडकीतून आत बघत हसत होत्या. आत्यांनी पिठानं भरलेल्या मनगटानं डोळे पुसले. "आला बाई आवाज," त्या म्हणाल्या.

मी गठ्ठा पुढं केला. मामा बसले. "विच," त्यांनी सुरुवात केली, "ऑफ द फालोइंग."

परीक्षेच्या आधी दोन-तीन दिवस, दुपारी, मी वर वाचत बसले होते. खाली मामा आणि आत्या बोलत होते. मामा कुजबुजत होते. मामांची कुजबुज ही इतर माणसं बोलतात तेवढी असते. आत्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण मामांनी ते परत म्हटल्यामुळं कळलं. "पास झाली तर पुण्याला जातील, व्हय, जातील की. घर मोकळं हुईल, ते कळतंय मला." मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. "भरली गाडी अड्ड्यावर थांबवून ठेवायची असती का कधी? ऊस वाळतो." आत्या काहीतरी म्हणाल्या. मामा त्याच कुजबुजीत म्हणाले, "हळू बोल. ती वर अभ्यास करालीया."

त्या दुपारी माझ्याकडून पुढचं एकही पान उलटलं गेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मामा पहाटेच अंघोळ करून तयार. "मी वाडीला चाललो," ते म्हणाले. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. "घरात थांबलो तर माझा मला भरवसा न्हाय." आत्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तिथनं येणार न्हाय न्हवं आवाज?" मामांनी थोडा विचार केला. "देवळात हळूच बोलतो," ते म्हणाले, आणि पहिल्या एसटीनं गेले.

घर शांत होतं. या वेळी ट्रॅक्टर आला नाही, कुणीच आलं नाही. मध्येच जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न आला, आणि मी कॅमेऱ्याकडं बघून हसू गिळलं. शेवटचं बटण दाबलं. स्क्रीन जरा वेळ पांढरी राहिली, मग तिच्यावर 'पास' असा शब्द आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

मामांनी पहिल्या रिंगलाच फोन घेतला. "हं?" एवढंच म्हणाले, खरोखर हळू.

"पास झाले मामा."

पलीकडं घंटा वाजत होती.  मामा बोलले, पण माझ्याशी नाही. "पावणं! ओ पावणं! सून पास झाली माझी! ढगाची परीक्षा!" घंटा थांबली. गलका झाला. कुणीतरी विचारत होतं कसली परीक्षा, कुणीतरी सांगत होतं, अहो, रांगेत पुढं सरका. मग फोनवर एक अनोळखी माणूस आला, बोलण्याच्या हेलावरून कर्नाटकाच्या सीमेकडचा. "ताई, अभिनंदन हं तुमचं," तो म्हणाला. "तुमच्या वडलास्नी बोलता येईना झालंय. डोळं पुसालेत. थोडं थांबा."

वडील नव्हे, सासरे, असं मी सांगितलं नाही.

संध्याकाळी ते पिशवीभर कवठाची बर्फी घेऊन आले आणि गल्लीत घरोघर वाटली. त्या ट्रॅक्टरवाल्याचा पत्ता काढून त्यालाही नेऊन दिली. तो म्हणे फार घाबरला होता.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला आलो. नवऱ्यालाही इकडं काम मिळालं. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे आणि शेजारी कोण राहतं ते अजून नीट माहीत नाही. मामा दोनदा येऊन गेले. लिफ्टमध्ये त्यांनी एका गृहस्थांना "कुठं निघालाईसा पावणं?" असं विचारलं, तेव्हा ते गृहस्थ चुकीच्या मजल्यावर उतरले. "हितं माणसं ऱ्हात्यात न्हवं?" मामांनी मला विचारलं. दोन्ही वेळा ते ठरल्यापेक्षा आधीच परत गेले.

फोन मात्र रोज संध्याकाळी येतो. आधी अगदी दबक्या आवाजात विचारतात, "मीटिंगमधी न्हाईस न्हवं?" मी नाही म्हटलं की मग सुरू होतात. उसाचं, गिरणीतल्या काकूंचं, आत्यांच्या गुडघ्याचं, सगळं सांगतात. पहिल्या वर्षी मी फोन हातभर लांब धरून ऐकायचे आणि तरी स्वयंपाकघरातून नवरा मध्येच उत्तर द्यायचा. हल्ली मी तो कानाला लावते. कधी कधी त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून दुसऱ्या कानावर हातही ठेवावा लागतो.